नुसतं ‘दाबा’

वझे सर पहिल्यांदा आमच्या गिरणीत आले तेव्हा मी विचारलं, “साखर किती घालू?” सगळे ‘थोडी’ म्हणतात. हे म्हणाले, “एक चमचा. थोडी म्हणजे किती ते तुम्हाला माहीत, मला नाही.”

मी म्हटलं, “चमचा मोठा का धाकटा?”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. चमचा दाखवा.”

मी चमचा दाखवला. तेवढ्यात चहा उतू गेला.

असला माणूस डोकेदुखी ठरणार हे मला तेव्हाच कळलं होतं. तो ठरलाही. गेल्या थंडीत ते भोरला वारले. मी भेटायला गेले नाही. गेलेल्या माणसाला भेटून काय करणार? पण त्यांची लेक नंतर विंझरला आली आणि म्हणाली, आक्का, तुम्हाला बाबांचं जे आठवतं ते लिहून द्या. माझी शाळा चौथीपर्यंत. सजवून लिहायला येत नाही. जे झालं ते लिहिते.

विंझरला रस्त्याच्या कडेला आमच्या महिला गटाची भात सडायची गिरणी आहे. आसपासच्या गावांचं भात येतं, आम्ही सडतो, इंद्रायणी पिशव्यांत भरून विकतो. एका सरकारी कार्यालयानं आम्हाला संगणक दिला. किती भात आलं, किती तांदूळ निघाला, कुणाला विकला, सगळं त्यात घालायचं. सोबत एक पुस्तक दिलं होतं, संगणक कसा चालवायचा त्याचं. आणि तंबी दिली, की नवा तांदूळ बाजारात जायच्या आत तुमच्यातली एक बाई हे चालवायला शिकली पाहिजे. नाहीतर आम्ही आमचा माणूस आणून बसवू.

त्यांचा माणूस म्हणजे कोण हे आम्हाला ठाऊक होतं. एका पुढाऱ्याचा मेहुणा. तो गल्ल्यावर बसला की गिरणी आमची नावापुरती राहिली असती.

त्या खुर्चीवर हिरानं बसायचं असं आम्ही ठरवलं होतं. हिरा आमच्यातली कामाला सगळ्यात वाघ. गिरणीच्या पट्ट्यात तिचा उजवा हात सापडला आणि बोटं गेली. पोतं उचलणं संपलं, लावणी संपली. नवरा तरुणपणीच गेलेला. घरात दीर, जाऊ. कामाची होती तोवर जाऊ तिला ‘बाई’ म्हणायची, हात गेल्यावर ताट वाढताना भांडी आपटायला लागली. हिराला ती खुर्ची मिळाली तर ती मान वर करून जेवणार होती. नाही मिळाली तर काय, ते मी लिहीत नाही.

पण ते पुस्तक कुणालाच वाचून उमगेना. आम्ही कार्यालयात जाऊन भांडलो, तेव्हा त्यांनी वझे सरांना पाठवलं.

ते भोरचे. शहरातल्या जुन्या ब्राह्मण घरातले. पुण्यात कंपनीत नोकरी केली आणि निवृत्त होऊन परत आले. एसटीनं यायचे, चेलाडीला गाडी बदलायचे. उंच, सडसडीत, वैशाखातसुद्धा अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात स्वतःचा माऊस, शेपटी गुंडाळून, पायमोज्यात घातलेला. नाव अवघड नव्हतं, तरी आमच्या बायका त्यांना माऊसवाले सर म्हणायच्या. त्यांना ते आवडायचं.

मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, “तुमी ही यंत्रं बनवता का?”

“नाही.”

“दुरुस्त करता?”

“नाही.”

“मग कंपनीत काय करत होता?”

“यंत्र कसं वापरायचं ते लिहीत होतो.”

“आन् त्यावर घर चाललं?”

“चाललं की,” ते म्हणाले. “लेकीचं लग्नसुद्धा झालं.”

त्यांची शिकवायची पद्धत अशी, की ते शिकवायचेच नाहीत. पुस्तक आमच्या हातात द्यायचे, वाचा म्हणायचे आणि शेजारी स्टूल घेऊन बसायचे. कुणाच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, फक्त हाताकडं. मी विचारलं तर म्हणाले, “आक्का, तोंड म्हणतं कळलं. हात खोटं बोलत नाही.” विचार करायला लागले की बोटातली अंगठी टेबलावर आपटायचे. टक, टक, टक. लग्नातली अंगठी होती, झिजून तारेसारखी झालेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या बोलण्यात ती अधूनमधून यायची. “सुमन म्हणायची, तुमच्याशी बोलायचं म्हणजे वकिलाशी बोलायचं.”

त्या जुन्या पुस्तकात एका ओळीत लिहिलं होतं क्लिक करा. पुढच्या ओळीत दाबा. त्याच्या पुढं निवडा. पान उलटलं की टिचकी मारा. शेवंता वाचायची आणि बाकीच्या करायच्या. क्लिक म्हटलं की माऊस. दाबा म्हटलं की सगळ्या खालच्या अक्षरांच्या पाटीकडं धावायच्या आणि काहीतरी दाबायच्या. निवडा आलं की हात पोटाशी घेऊन बसायच्या, कारण निवडायचं म्हणजे आम्ही तांदूळ निवडतो, तो निवडून झालेला होता. अखेर शेवंता पुस्तक आपटून म्हणाली, “सर, आमी आडानी हाय. आमच्यानं न्हाई व्हायचं.”

सर इतके खूश झाले की मला वाटलं ह्यांना काहीतरी झालं. “वा! अहो, चूक तुमची नाही. चूक कागदाची आहे. चारही ठिकाणी एकच करायचंय. बोट खाली, बोट वर. एका कामाला चार नावं दिली तर माणसानं चार कामं समजायची नाहीत तर काय?”

“मग ज्यानं लिहिलं त्याला काय झालंतं?”

“त्याला शाळेत शिकवलंय की तोच शब्द पुन्हा वापरू नये. निबंधात ते ठीक. हा निबंध नाही.”

‘चूक कागदाची’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी काही चुकलं की ते म्हणायचे आणि टिपून घ्यायचे. आमच्या बायकांनी ते उचललं. भाजी खारट झाली तरी कागदाची चूक.

मग त्यांनी नवं पुस्तक लिहायला घेतलं. एका कामाला एक शब्द. बोट खाली-वर केलं की ‘दाबा’, दुसरं काही नाही. बोट खाली ठेवून माऊस हलवायचा तो ‘ओढा’. बोट न लावता नुसता बाण सरकवायचा तो ‘न्या’. ‘सरकवा’ का नको, ह्यावर ते एक अख्खी दुपार आमच्याशी बोलले. मी मध्येच उठून पोती मोजून आले, तरी त्यांचं चालूच होतं.

कार्यालयातल्या साहेबाला हे पटत नव्हतं. आमच्याकडं फोनला रेंज फक्त एसटीच्या थांब्यापाशी येते. तिथं उभे राहून सर हात हलवत ओरडायचे. “नाही हो, दोन्ही एक नाहीत! एक सोडलं की दुसरं धरता येत नाही! मी एक शब्द मागे घेणार नाही!” रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं जमिनीचं भांडण आहे. वेल्ह्याकडचा एक म्हातारा थांबला, सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर त्यांना म्हणाला, “सायेब, वरडून कायबी व्हत न्हाई. सरळ मोजणी लावा.”

सरांनी त्याचे आभार मानले. चेष्टेनं नाही, खरोखर मानले. असा माणूस.

दोनदा दाबायचं काम आलं तेव्हा सगळ्या अडकल्या. लागोपाठ दाबायचं, मध्ये श्वास घ्यायचा नाही. आमच्या बायका एकदा दाबायच्या, पडद्याकडं बघायच्या, काय झालं का बघायच्या, मग दुसऱ्यांदा दाबायच्या. सर घामाघूम. मी बाजूला बसून तांदूळ पाखडत होते. खडे पुढं यावेत म्हणून सुपाच्या कडेला बोटं मारली, टकटक. सर उडी मारून आले.

“हे काय केलंत?”

“खडं म्होरं आणलं.”

“पुन्हा करा. सगळ्यांनी बघा. हेच. असंच दाबायचं.”

सगळ्यांना एका झटक्यात जमलं. मी म्हटलं, मग लिवा की पुस्तकात, सुपावर मारतो तसं. त्यांनी मान हलवली. “माझी लेक पुण्यात तांदूळ निवडलेला आणते, आक्का. तिनं सूप हातात धरलेलं नाही. जो शब्द कळायला आधी दुसरी वस्तू घरात असावी लागते, तो शब्द मी घेत नाही. तोंडानं सांगायला ठीक. कागदावर नाही.”

हे त्यांचं बोलणं मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं ते स्वतःच विसरले.

हिराची अडचण वेगळी होती. तिला माऊस डाव्या हातात धरायला लागायचा. पुस्तकात लिहिलं होतं, अंगठ्याशेजारच्या बोटानं दाबा. ती तसंच करायची आणि पडद्यावर भलतीच यादी उघडायची. तिनं सगळं बरोबर करावं आणि दर वेळी चुकीचं निघावं. बाकीच्या हसायच्या. हिरा खाली मान घालून पुन्हा दाबायची. सरांनी तिच्या हाताकडं किती वेळ बघितलं कोण जाणे, मग स्वतः माऊस डाव्या हातात धरून बघितला आणि कपाळाला हात लावला. डाव्या हातात धरला की तेच बोट दुसऱ्या बटणावर पडतं.

“चूक कागदाची,” ते म्हणाले. “मी जन्मभर उजव्या हातवाल्यांसाठी लिहिलं.”

त्या दिवसापासून त्यांना ध्यास लागला. बोटाचं नाव घ्यायचं नाही. डावं-उजवं लिहिलं तर आमच्या निम्म्या बायका दर वेळी घास भरवायचा हात कुठला ते हलवून बघायच्या आणि मग दाबायच्या. त्या बटणाला असं नाव पाहिजे, की कुठल्याही हातात धरा, नाव तेच. एसटीत बसल्यावर सुचलेली नावं ते दुसऱ्या दिवशी आम्हाला ऐकवायचे. पहिलं बटण, मुख्य बटण, कामाचं बटण. शेवंता म्हणायची, “सर, दुसरं काय बिनकामाचं हाय व्हय?”

त्यात खंडेनवमी आली. आम्ही गिरणीची पूजा करतो. पट्टा, काटा, भात ओढायची पावडी, सगळ्याला हळदकुंकू. शेवंतानं संगणकालाही लावलं. पडद्याला पाचही बोटं उठवायला निघाली होती, मी हात धरला. मग तिनं माऊसला कुंकवाची एकच टिकली लावली, नेमकी त्या बटणावर.

सर दोन दिवसांनी आले. टिकली बघितली आणि लहान मुलासारखे नाचायचेच बाकी राहिले. “कुंकवाचं बटण! आक्का, कुंकवाचं बटण! डाव्या हातात धरा, उजव्या हातात धरा. हिराबाई, आता तुम्हाला कुणी हसणार नाही.”

हिरा काही बोलली नाही. ती तशीही कमी बोलायची.

त्यांनी अख्ख्या पुस्तकात तसं घातलं. कुंकवाचं बटण दाबा. कुंकवाचं बटण दाबून धरा आणि ओढा. कुंकवाचं बटण लागोपाठ दोनदा दाबा. एका गोष्टीला एकच नाव, पानापानावर, ओळीओळीला. कार्यालयातल्या साहेबाला पण आवडलं, गावचा शब्द म्हणून. पुस्तक छापलं आणि भोर-वेल्ह्यातल्या सगळ्या गटांना गेलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, सुरुवातीला ह्या बटणावर कुंकवाचा ठिपका लावून घ्या. आमच्याकडं ठिपका पुसला की शेवंता रोज सकाळी नवा लावायची.

भात झोडून गिरणीत यायला लागलं. बायका भराभर शिकल्या. हिरा मागं पडली. आधी बरं करत होती, भलती यादी उघडायची तरी धीर सोडत नव्हती. आता पुस्तक समोर आलं की तिला पाणी आणायचं असायचं, केर काढायचा असायचा. बसलीच तर माऊस हातातून निसटायचा. बायका म्हणायला लागल्या की तिचा हातच चालत नाही, शेवंताला बसवा. शेवंता चांगली होती, पण तिच्या घरी नवरा, दोन एकर, म्हशी. तिला खुर्चीची गरज नव्हती.

एकदा शेवंता सहज म्हणाली, “हिरे, जपून गं. कुंकवाचं हाय.” आणि हसली. वाईट बाई नाही ती. जिभेला हाड नाही एवढंच. मी तिथंच तिला सुनावलं. शेवंताचं तोंड बंद झालं. पण कागदाचं तोंड कोण बंद करणार? हिरा पुस्तक वाचायला बसली की ओळीओळीला तो तेच म्हणत होता.

कार्यालयाची माणसं आमची परीक्षा घ्यायला यायच्या आदल्या आठवड्यात सर आले. म्हणाले, “आज फक्त हिराबाई.” बाकीच्यांना बाहेर पिशव्या शिवायला पाठवलं. मी चहाच्या निमित्तानं आत राहिले. सर स्टूलावर बसले आणि नेहमीसारखे हाताकडं बघायला लागले.

हिरानं पदराचं टोक घेतलं, डाव्या बोटाला गुंडाळलं आणि मग माऊसला हात लावला. बटण दाबलं की कापड घसरायचं आणि बाण भलतीकडं जायचा. पुन्हा पदर नीट करायची, पुन्हा दाबायची.

“हिराबाई,” सर प्रेमानंच म्हणाले, “पदर काढा बोटावरचा. त्यानंच घसरतंय. अहो, शॉक बसत नाही.”

हिरा उठली. “मला न्हाई जमायचं सर. तुमी शेवंताला बसवा,” म्हणाली आणि मागल्या दारानं निघून गेली.

सर माझ्याकडं वळले. “काय झालं? मी काही वाईट बोललो का? शॉकची भीती तर मी पहिल्याच दिवशी काढली होती.” टेबलावर अंगठी वाजायला लागली. टक, टक. “हाताला घाम येतो का? का बोटाला काही लागलंय? आक्का, तुम्ही बघितलंत, काय चुकतंय?”

माणूस इतका हुशार, सगळ्यांचे हात वाचणारा, आणि समोरचं दिसत नव्हतं. मला रागच आला. मी म्हटलं, “सर, तुमची बायकू गेली तवा तुमच्या अंगावरचं काय उतरवलं वो कुणी?”

“म्हणजे?”

“अंगठी तर हाय बोटात. काय पुसलं का तुमचं? कुनी म्हनलं का, आता ह्याला हात लावायचा न्हाई, त्याला लावायचा न्हाई, हळदकुंकवाला म्होरं यायचं न्हाई?”

अंगठीचा आवाज थांबला.

“मला कुंकवाचं काय वाटत न्हाई,” मी म्हटलं. “माझाबी नवरा गेलाय. म्या त्या बटणावर बुक्की मारीन. पण ती हिरा हाय. तिच्या जावंनं ह्या दिवाळीला तिला करंडा उचलू दिला न्हाई. आन् तुमी तिला वळीवळीला सांगताय, कुंकवाला हात लाव, कुंकवाला हात लाव.”

 मला वाटलं, आता सर म्हणतील की हे असलं मानू नये, काळ बदलला. शिकलेले लोक म्हणतात. ते तसलं काही म्हणाले नाहीत. फक्त एवढं म्हणाले, “तिच्यासाठी शोधला होता तो शब्द. तिच्या एकटीसाठी.”

“व्हय. म्हनून तर ती तुमाला काय बोलली न्हाई.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, माठातल्या पाण्यात भिजवला आणि माऊस पुसायला बसले. रोज लावून लावून कुंकू बटणाच्या फटीत गेलं होतं. नखानं कोरून काढलं. मग पुस्तक उघडलं, पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून ‘कुंकवाचं बटण’ काळं करायला लागले. “कुंकवाचं बटण दाबा” ह्यातलं शेवटचं तेवढं ठेवायचे.

“मग आता बटणाला नाव काय?” मी विचारलं.

“काहीच नाही. नाव लागतच नव्हतं, आक्का. नुसतं ‘दाबा’ म्हटलं की हे बटण, असं एकदा सुरुवातीला चित्र काढून सांगायचं. दुसरं क्वचित लागतं, तेव्हा त्याला ‘पलीकडचं’ म्हणायचं.” मान वर न करता ते पुढं म्हणाले, “जो शब्द कळायला आधी दुसरी वस्तू घरात असावी लागते. मीच सांगितलं होतं ना तुम्हाला? सुपाच्या वेळी?”

“सांगितलं व्हतं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“मला वाटलं तुमास्नी म्हाईत आसंल,” मी म्हटलं. हे खरंच आहे. शिकलेल्या माणसाला स्वतःचं बोलणं आठवत असेल असं आपण धरून चालतो.

मग ते एसटीच्या थांब्यापाशी गेले. ह्या वेळी ओरडले नाहीत, म्हणून मला तिथपर्यंत जावं लागलं ऐकायला. ते म्हणत होते, “नाही साहेब, चूक कागदाची आहे. आणि कागद माझा आहे.” साहेब म्हणत असणार, छापून झालंय, गावोगाव गेलंय, बायकांना आवडलंय, एका बाईसाठी काय. कारण सर म्हणाले, “एक तुम्हाला दिसली. बाकीच्यांनी पाणी आणायला जाते म्हणून सांगितलं असेल.”

साहेबानं पुन्हा छापायला नकार दिला. त्यानंतर त्या कार्यालयानं सरांना काम दिल्याचं मी ऐकलं नाही.

हिराच्या घरी मी गेले. सरांना येऊ दिलं नाही, त्यांनी जावेसमोर माफी मागितली असती आणि वाढवून ठेवलं असतं. मी काळं केलेलं पुस्तक हिराच्या मांडीवर टाकलं आणि म्हटलं, उद्या ये. तिनं पानं चाळली. एवढं काळं बघून तिला हसू आलं.

“सर लई रागावलं का?”

“व्हय. स्वतःवं.”

दुसऱ्या दिवशी हिरा आली आणि खूण म्हणून तिनं बटणावर तांदळाचा दाणा डिंकानं चिकटवला. सकाळी दाणा गायब. गिरणीत उंदीर कमी आहेत का? मग सरांनी जखमेला लावायची पट्टी कापून तिचा तुकडा लावला. बोटाला लागतो, डोळ्याला दिसतो, कुणाचं काही जात नाही.

कार्यालयाची माणसं आली, सोबत तो मेहुणाही आला होता, नवा शर्ट घालून. साहेबानं हिराचा हात बघून तोंड वाकडं केलं. “ह्या चालवणार?”

“वाचा तुमी,” हिरा म्हणाली.

साहेबानं पुस्तक उघडलं आणि गोंधळला. “हे काळं काय केलंय?”

“काळं सोडून वाचा,” मी म्हटलं.

साहेब वाचायला लागला, “भाताचं चित्र दिसेल. त्यावर बाण न्या. दाबा.”

हिरानं उघड्या बोटानं दाबलं. तो वाचत गेला, ती करत गेली. न्या, दाबा, ओढा, दाबा. शेवटी छापायच्या यंत्रातून बिल बाहेर आलं तेव्हा शेवंता सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. हिरानं बिल साहेबाच्या हातात दिलं, डाव्या हातानं. तो घेताना जरा थबकला, पण घेतलं. मेहुणा चहा न पिता गेला. सर कोपऱ्यात स्टूलावर होते. हिराच्या हाताकडं बघत होते. तोंडाकडं त्यांनी तेव्हाही बघितलं नाही, नाहीतर त्यांना दिसलं असतं.

हिरा अजून त्याच खुर्चीवर आहे. जाऊ आता तिला पुन्हा ‘बाई’ म्हणते. मला तिचा हेवा वाटत नाही, जावेचं ‘बाई’ ऐकणं म्हणजे काही सुख नव्हे.

सरांना मी त्यानंतर एकदाच बघितलं. मी कामथडीला भाचीकडं गेले होते. परत येताना वडापची जीप हायवेच्या कडेला थांबली, ड्रायव्हर आणखी माणसं भरत होता. समोर तिथल्या महिला गटाचं दुकान होतं, दार उघडं. आत टेबलाशी सर वाकून बसले होते, तोच स्वेटर, मांडीवर तीच कापडी पिशवी. आम्हाला मिळालं तेच पुस्तक सगळ्या गटांना गेलं होतं आणि पुस्तकात लिहिलंय म्हणून गावोगावच्या बायकांनी आपापल्या माऊसला कुंकू लावलं होतं. सर एसटीनं एकेक गाव करत होते. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं.

ओल्या रुमालानं त्यांनी बटण पुसलं, नखानं फट कोरली, पट्टीचा तुकडा लावला. मग पुस्तक ओढून काळं करायला बसले. तिथल्या बायका भोवती उभ्या होत्या, काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. त्यांच्यामागं भिंतीला टेकून मोकळ्या कपाळाची एक बाई उभी होती. सरांनी लेखणी थांबवली, तिच्याकडं बघून काहीतरी विचारलं आणि माऊस टेबलावरून तिच्या बाजूला सरकवला. ती पुढं आली नाही. सर थांबले. विचार करताना आपटायचे तसं बोट टेबलावर आपटत राहिले. जीप दारालाच लागून उभी होती आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. तरी आवाज आला नाही. मी नीट बघितलं. बोटात अंगठी नव्हती.

मी त्यांना अंगठी काढा असं म्हटलं नव्हतं. माझं म्हणणं दुसरंच होतं. एका बाईचं काढून घेतलं म्हणून आणखी एका माणसानं आपलं काढून ठेवायचं, ह्यात कुणाला काय मिळतं? हे त्यांना सांगायला मी जीपमधून उतरणारच होते.

तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला आणि त्याच कुंकवाच्या रुमालानं पुसला. काचा लाल झाल्या. तसाच डोळ्यांवर चढवला. बायका हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. सरांना कळेना काय झालं, लाल काचांतून ते सगळ्यांच्या हातांकडं बघत राहिले. आणि ती भिंतीशी उभी असलेली बाई हसत हसत पुढं आली, त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला आणि आपल्या पदरानं पुसायला लागली.

जीप सुटली. मी उतरले नाही.